टोपी गेली आणि भांग आला : सातारा-सांगलीकडचे केस, कल्ले, दाढ्या न् मिशा

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

हल्ली फोन उघडला की पुरुषांच्या केसांचा इतिहास म्हणून दहा फोटोंची माळ समोर येते. आधी देव आनंदचा कोंबडा, मग शम्मी कपूर, मग बच्चन, मग मिथुन, मग संजूबाबा, मग तेरे नाम, मग धोनी, मग कोहलीची दाढी, संपला इतिहास. खोटं काही नाही त्यात, पण वाचून असं वाटतं की १९७३ ला जंजीर लागला आणि दुसऱ्या दिवशी अख्खी सांगली कानावर केस घेऊन फिरायला लागली. आमच्या गावभागात तरी असं काही झालं नाही बाबा. पिक्चरमधला कट थेटरातनं डोक्यावर येईपर्यंत मधी तीन जकात नाकी होती, घरात बाप, शाळेत हेडमास्तर आणि तालमीत वस्ताद. आणि तिन्ही पार केली तरी खुर्चीमागं कात्री घेऊन उभा असलेला माणूस शेवटी म्हणायचाच, तुला ते शोभत न्हाई, गप बस.

आमच्या वडिलांची पद्धत सांगतो. जेवताना मागनं यायचे आणि मानेवरचे केस चिमटीत धरायचे. चिमटीत आले की येत्या रविवारी दुकान. मी दुकानात पोचायच्या आधी निरोप पोचलेला असायचा, बारीक कर म्हणून. मी खुर्चीत बसून स्टेप कट, स्टेप कट म्हणत राहायचो आणि काका हो हो म्हणत झिरो मशीन मानेवरनं वर चढवायचे. पैसे वडील देणार, मग कात्री माझं कशाला ऐकेल. पहिला स्टेप कट मारला तो विलिंग्डन कॉलेजला गेल्यावर, तोपर्यंत मिथुनचा जमाना निम्मा सरलेला.

तर नुसती हिरोंची नावं नकोत. तुमच्याकडं कुठला कट खरंच आला, आणि तो ठेवताना घरात काय रामायण झालं ते लिहा. दाढी-मिशी पण चालेल.

जरंडेश्वर

विषय चांगला काढलात. मी साताऱ्याचा, सत्तरी गाठलेला, त्यामुळं तुमच्या यादीच्या आधीचं सांगतो.

आमच्या आजोबांच्या डोक्यावर नक्की काय आहे हे आम्हा नातवंडांना फारसं ठाऊकच नव्हतं, सकाळी चढलेला फेटा रात्रीच उतरायचा. आत वस्तऱ्यानं चकोट आणि मागं शेंडी. वडिलांची पांढरी टोपी, आत बारीक केस. म्हणजे डोकं कायम झाकलेलं, मग गडी हौस करणार कुठं? मिशीवर. म्हणून मिशांना एवढी नावं, आकडेबाज, झुबकेदार, तलवार कट, कोरलेली, कल्ल्याला जाऊन मिळणारी गलमिशी. केसांचे प्रकार मात्र दोनच, बारीक आणि चकोट. क्रांतिसिंह नाना पाटलांचा फोटो आठवा, काय दिसतं, फेटा आणि मिशा. दाढी संसारी माणसानं ठेवायची नाही, ती साधू-फकिरानं ठेवायची, नाहीतर मग कर्मवीर अण्णांनी. रयतच्या शाळांत भिंतीवर अण्णांचा तो पांढऱ्या दाढीचा फोटो असायचा, त्यामुळं दाढी म्हणजे फार मोठं काम केलेला माणूस हे आमच्या डोक्यात लहानपणीच बसलं.

मग टोपी गेली. कुणी बंदी घातली नाही, चळवळ नाही, काही नाही. आमच्या थोरल्या भावाच्या वेळची पोरं टोपी खिशात घालून घरातनं निघायची आणि कोपऱ्यावर गेली की डोकं मोकळं. बोडक्यानं फिरतो म्हणून वडील शिव्या द्यायचे. पण एकदा डोकं उघडं पडलं म्हटल्यावर त्यावर काहीतरी पाहिजे ना, तिथनं भांग आला आणि भांगाच्या पुढं कोंबडा आला. माझं म्हणणं असं की देव आनंदनं फक्त नमुना दिला, जागा टोपीनं करून दिली.

भाऊ कोंबडा कसा काढायचा ते अजून डोळ्यासमोर आहे. तळहातावर खोबरेल, त्यात दोन थेंब पाणी, सगळे केस आधी मागं विंचरायचे, मग तळवा टाळूवर दाबून धरून हळूच पुढं सरकवायचा की कपाळावर फुगा उभा राहायचा, आणि कंगव्याच्या टोकानं त्याला एक पीळ. ब्रिलक्रीम होती, फारुख इंजिनियर तिच्या जाहिरातीत असायचा, पण ती बंगलेवाल्यांच्या घरी. खोबरेलावरचा फुगा राजवाड्यावरनं पोवई नाक्यापर्यंत सायकलवर टिकायचा नाही, वाऱ्यानं पडायचा आणि उन्हात तेल भुवईत उतरायचं. म्हणून मागच्या खिशात कंगवा, आणि दिसेल त्या पानपट्टीच्या आरशात वाकून बघायचं.

नदीवेस

खिशातला कंगवा +१. आमच्या चुलत्याच्या सगळ्या पॅन्टी मागच्या खिशापाशीच फाटायच्या.

धोकटी

मी इस्लामपूरकडचा, दुकान वडिलांचं, आता मी बघतो. जरंडेश्वर सर, टोपीचं पटलं, पण त्यात आरसा घाला.

आमचा आज्जा काखेत धोकटी, म्हणजे वस्तरा-कात्रीची पिशवी, मारून वाड्यावस्त्या फिरायचा. बलुतं होतं, रोख पैसा नाही, सुगीला धान्य. गिऱ्हाईक लिंबाखाली पोत्यावर उकिडवं बसायचं, आज्जा समोर उकिडवा, आणि त्याचं डोकं वाकवून धरून वस्तरा चालवायचा. आरसा असायचा तळहाताएवढा, तो सगळं उरकल्यावर हातात द्यायचा, मिशी दोन्हीकडनं सारखी आहे का बघायला. आता ज्या माणसाला आपली मान, आपलं कानामागचं कधी दिसतच नाही तो कशाला सांगेल की इथं जरा जास्त ठेव म्हणून. वडिलांनी गाळा घेतला तेव्हा आधी आरसे आणले आणि खुर्ची नंतर. समोर एक, पाठीमागं एक. गिऱ्हाईकाला स्वतःची मान दिसायला लागली आणि तिथनं आम्हाला सल्ले सुरू झाले ते आजतागायत चालू आहेत.

आणि बच्चन कटचं आमच्या बाजूनं ऐका. तो कापायचा कट नाहीच, न कापायचा कट आहे. कानावरचे केस सोडायचे, नुसती टोकं एका रेषेत घ्यायची, कल्ले कानाच्या पाळीखाली उतरवायचे आणि खाली रुंद करायचे, झालं. म्हणजे महिन्याला येणारं गिऱ्हाईक तीन महिन्यांनी यायला लागलं, त्यात निम्मी पोरं कल्ले घरीच करायची. वडील म्हणायचे बच्चननं आपलं वाटोळं केलं. दुकानात भिंतीवर बच्चनचंच कॅलेंडर होतं तो भाग वेगळा.

मिथुनचा डिस्को डान्सर आला १९८२ ला, त्यानंतर धंदा परत उभा राहिला. स्टेप कटला हात लागतो. केस ओले करायचे, दोन बोटांत उभे धरायचे, वरचा थर आखूड, खालचा त्याहून लांब, मानेवर सगळ्यात लांब, आणि सुकल्यावर पायऱ्या दिसल्या पाहिजेत. ज्याला झिरो मशीन आणि सरळ कात्रीच येत होती ते कारागीर तिथं मागं पडले. माझ्या वडिलांनी तो एका मिरजेच्या कारागिराकडनं उचलला, हाताखाली राहून नाही, त्याच्या दुकानात मुद्दाम दाढीला जाऊन समोरच्या आरशात बघून बघून.

झिरो मशीनचं कुणीतरी लिहाच, तिची धार गेलेली असली आणि कारागिरानं ती मिटायच्या आधी उचलली की केस मुळासकट यायचा. पोरं रडायची ती केस गेले म्हणून नाही, त्या मशीनमुळं.

कृष्णाकाठ

धोकटीदादा, दाढीला जाऊन कट चोरला हे भारी. ते मशीन आठवून आत्ता मानेवर काटा आला.

तालमीतला_नाना

आमच्याकडं सगळ्या दशकात एकच कट. चकोट न्हाईतर बोटाच्या पेराएवढं केस. विषय संपला.

आता कारण ऐका. लाल मातीत तेल, ताक, लिंबू, हळद असतं, जोर-बैठका मारून घामाघूम झालेला गडी हौदात लोळला की ती माती केसात बसती, आन मग रोज डोकं धुवायला पाणी कुठनं आणायचं. दुसरं म्हंजे मालीश, केस असलं की तेल टाळूत जिरत न्हाई असं वस्ताद म्हणायचं. आन खरं कारण वस्ताद उघड बोलून दाखवायचं न्हाईत, केसाकडं लक्ष गेलेल्या पोराचं कुस्तीवरचं लक्ष गेलं. आमच्यातल्या एकानं संजय दत्तावानी मागं केस सोडलं होतं, वस्तादांनी त्याला काय बोललं न्हाईत, फक्त त्या दिवशी त्याला सगळ्यांसंगं जोड लावली, एकामागं एक. दुसऱ्या दिवशी गडी स्वतःच चकोट करून आला.

कवठेपिरानचं मारुती माने आण्णा १९६२ ला जकार्ताच्या एशियाडमधी सोनं घेऊन आलं, १९६४ ला हिंदकेसरी झालं. त्यांचं फोटो आमच्या तालमीत हायेत. पोरं फोटोतली मान न् छाती बघायची, केस कुणी बघितलं न्हाईत. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं पण तसंच, १९५२ चं हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पयलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, त्या माणसाला कुठला हिरो लागतोय.

दाढीचं एक, मॅटवरच्या कुस्तीत नियम असा आला की एकतर गुळगुळीत दाढी करून या, न्हाईतर चांगली काही महिने वाढवलेली पायजे. अर्धवट खुंट चालत न्हाईत, समोरच्याच्या अंगाला घासतात. म्हंजी ही आजकालची कोरून ठेवलेली तीन दिवसाची दाढी घेऊन आलं तर पंच परत पाठवनार.

गणपतीपेठ

नाना, मुद्दा मान्य. पण बिनमिशीचा माणूस सगळ्यात आधी डोक्यावर घेतला तो आपल्याच जिल्ह्यानं हे विसरू नका. नागठाण्याचे बालगंधर्व. स्त्रीभूमिका करणाऱ्याला मिशी ठेवून कसं भागेल. लोक त्यांच्या शालूची आणि केसातल्या गजऱ्याची नक्कल करायचे, आणि नक्कल करणाऱ्या बायकांचे नवरे घरी मिशीला पीळ देत बसलेले.

कंदीपेढा

सगळे पुरुषच लिहितायत म्हणून एका बाईची भर. माझं कॉलेज साताऱ्यात झालं, नव्वदीच्या सुरुवातीला. तुम्हाला वाटत असेल आम्ही तुमचे मागचे लांब केस बघायचो. आम्ही बघायचो कॉलर. मागं तेलकट केस सोडलेल्या पोराच्या शर्टची कॉलर आतनं काळी झालेली असायची आणि त्यावरनं आमच्यात त्यांची नावं पडलेली होती, ती इथं लिहीत नाही, त्यातले दोघं आता प्रतिष्ठित नागरिक आहेत.

अनिल कपूरची मिशी मात्र चालायची. लम्हेत त्यानं मिशी काढली तेव्हा आमच्या आख्ख्या गँगचा मूड गेला होता, ओळखूच येईना. मला स्वतःला कपिल देवची मिशी आवडायची, त्या दाढीच्या क्रीमच्या जाहिरातीतली, दाढी करून झाली तरी मिशी जागच्या जागी.

वाळव्याचा_पाव्हणा

मिशीचा विषय निघालाच आहे तर मूळ दुखणं कुणी बोलंना. आपल्याकडं बाप जिवंत असताना मिशी काढत नव्हते. बाप गेला की दहाव्याला डोकं आणि मिशी काढायची, त्यामुळं मिशी नसलेला तरुण दिसला की लोक आधी घरात कोण गेलं विचारायचे. पिक्चरचे हिरो कधीपासून बिनमिशीचे होते, दिलीपकुमार बघा, देव आनंद बघा, राजेश खन्ना बघा, पण कपाळावरची बट घेतली, गुरू शर्ट घेतला, मिशी काढायची हिंमत गावात कुणी केली नाही बरेच दिवस.

मी केली. ८६-८७ ची गोष्ट, पुण्याला कंपनीत लागलो होतो, तिथं रूमवर सगळे सफाचट, मीपण काढली, एकदम हलकं वाटलं. आणि डोक्यात काही न येता तसाच गावाला जत्रेला आलो. आज्जी सोप्यात शेंगा फोडत बसलेली. मला बघितलं, हातातली शेंग खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "कवा गेलं रं?" म्हणजे माझे वडील. वडील मागं गोठ्यात धार काढत होते. आवाज ऐकून ते चरवी घेऊन बाहेर आले, मला बघितलं, आणि एक अक्षर न बोलता परत आत गेले. जत्राभर माझ्याशी बोलले नाहीत. आईनं मधी पडून सांगितलं मुंबई-पुण्यात साहेबाला चालत नाही मिशी, तो तुमच्या पोराचा दोष नाही. साहेबाला काय, साहेबाला स्वतःलाच मिशी होती.

पुढं वडील खरंच गेले तेव्हा मी मिशी ठेवली. उलटं झालं सगळं. अजून आहे.

जरंडेश्वर

पाव्हणं, चरवी घेऊन परत आत गेले हे वाचून माझे वडील आठवले, त्यांचीही शिक्षा अशीच, न बोलण्याची.

दाढीबद्दल एक राहिलं. १९५५ ला रशियाचे बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले होते, त्यातले बुल्गानिन तेव्हा पंतप्रधान आणि त्यांना हनुवटीवर छोटी टोकदार दाढी. पाव्हणे परत गेले पण दाढी इथंच राहिली, पुढची कितीतरी वर्षं तसली दाढी म्हणजे बुल्गानिन कट. आमचे एक प्राध्यापक ती ठेवायचे, पोरांना त्यांचं खरं आडनाव माहीत नव्हतं. त्याच दाढीला तुम्ही लोक आता फ्रेंच कट म्हणता, म्हणा.

माणदेशी_पाऊल

सगळं वाचतोय, मजा येतेय. एक बाजू राहतेय ती सांगतो, वाद घालायला नाही.

लिंबाखाली पोत्यावर बसून हजामत व्हायची त्यात आमची आळी नव्हती. गावात आमचे केस गावचा माणूस कापायचा नाही, कापले तर बाकीचे त्याच्याकडं बसले नसते. आमच्यातलाच एकजण घरच्या कात्रीनं सगळ्यांचे कापायचा, त्यामुळं आमच्या वडिलांच्या पिढीत सगळ्यांचा एकच कट, तो त्याला येत होता तेवढाच. वडील सांगलीला हमालीला आले आणि पहिल्यांदा खुर्चीच्या दुकानात बसले. कुणी काही विचारलं नाही, पांढरं कापड गळ्याला बांधलं आणि विचारलं, मागं गोल का सरळ. वडील सांगायचे की त्यांना त्याचं उत्तर माहीत नव्हतं, कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मग माझे थोरले चुलते. १९७२ ला दलित पँथर आली, त्यानंतर त्यांनी केस खांद्यापर्यंत वाढवले आणि दाढी सोडली. बाहेरनं बघणाऱ्याला वाटायचं हिप्पी. गावच्या पाराजवळनं ते तसे चालत जायचे तेव्हा त्या केसांवरनं जी बोलाचाली व्हायची ती फॅशनवरनं नव्हती. बच्चनची नक्कल म्हणून कुणी हसलं तर ते म्हणायचे, बच्चनला म्हणावं माझ्यासारखं गावात चालून दाखव.

धोकटी

माणदेशी भाऊ, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आमच्याच लोकांच्या हातनं झालंय. वडील पण सांगायचे की गाळा घेतल्यावर हा एक ताप मिटला, जो खुर्चीत बसला तो गिऱ्हाईक. तरी सुरुवातीला काही जण दारात उभं राहून आत कोण बसलंय बघून परत जायचे, त्यांना जाऊ द्यायचं.

गलाईवाला

विटा. आमच्याकडची गंमत वेगळीच. खानापूर, आटपाडी, तासगाव, या पट्ट्यातली माणसं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, देशभर पसरलेली, केरळ, तमिळनाडू, बंगाल, पंजाब, कुठंही जा आपला माणूस सापडतो. त्यामुळं आमच्या गावात फॅशन मुंबईवरनं नाही यायची, जत्रेला यायची. जत्रेला सगळे गलाईवाले परत आले की देवळासमोर अख्ख्या भारताच्या मिशा. मदुराईवाला मामा यायचा तो जाडजूड मिशी ओठावर उतरवून, दिल्लीवाला यायचा तो केस मागं वळवून, कलकत्त्याचा एकजण बिनमिशीचा, तो जत्रेत शक्यतो घरातच बसायचा (वाळव्याच्या पाव्हण्यांना कळेल का ते).

मी स्वतः ९१ ते ९४ मागं केस सोडलेल्यातला. सडक, साजन, पुढं खलनायक. बाजूनं कापायचे, वर थोडे, मागं मानेवर सोडायचे, आमच्याकडं त्याला पंक म्हणायचे, शब्द कुठनं आला देव जाणे. दहावीत होतो तेव्हा शाळेत एका सरांनी, नाव घेत नाही, प्रार्थनेच्या रांगेतच मागनं येऊन कात्रीनं मधोमध एक घास काढला. नुसता एकच घास, म्हणजे घरी जाऊन सगळं कापल्याशिवाय इलाजच नाही. घरी वडिलांना सांगितलं तर वडील म्हणाले सरांचे आभार मानून ये. आत्ता कुठल्या सरांनी असं केलं तर पालक व्हिडिओ काढून टाकतील, आणि बरोबरच आहे, माझं मत विचाराल तर तेव्हाही ते चूकच होतं, शिस्तबिस्त काही नाही, हाताशी पोरं सापडली की जोर दाखवायचा एवढंच.

बाकी ९० नंतर एड्सच्या भीतीनं वस्तरा गेला हे पण लिहा कुणीतरी. आधी तोच वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून सगळ्या गावाला. मग अर्ध्या ब्लेडचा आला, पाकिटातनं ब्लेड काढून गिऱ्हाईकासमोर मोडायचं, आवाज झाला पाहिजे, नाहीतर माणूस खुर्चीतनं उठायचा.

फौजी_अपशिंगे

आमचं गाव अपशिंगे मिलिटरी, नावातच मिलिटरी आहे, त्यामुळं इथं फॅशन भरतीपुरती. भरतीच्या वयाची पोरं आधीच सोल्जर कट मारून फिरतात, कानाच्या वर मशीन, वर जरा ब्रश. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ ला साताऱ्यात निघालं, तिथली पोरं सुट्टीत पोवई नाक्यावर दिसली की लगेच ओळखू यायची, केसावरनं आणि चालण्यावरनं.

सैन्यात दाढीला परवानगी शीख जवानांनाच, नौदलात परवानगी काढून पूर्ण दाढी ठेवता येते. मिशीला हरकत नाही, पण ती नीट पाहिजे. २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानातनं परत आले तेव्हा गावात पोरं तसली मिशी करून यायला लागली, कल्ल्यापर्यंत नेलेली. रिटायर सुभेदार काका म्हणाले आधी भरतीत पळून दाखवा मग मिशी पिळा.

कराडचा_बारका

आता आमचा नंबर. तेरे नाम २००३ चा. कराडमधी शाळेतल्या निम्म्या पोरांचा मधला भांग आणि दोन्हीकडनं डोळ्यावर केस. तेल न लावता ते केस खाली पडत नव्हते आणि तेल लावलं की चिकट होत होते, म्हणून पाण्यानं ओलं करून वर्गात यायचं, पहिल्या तासाला सलमान आणि चौथ्या तासाला फुगलेलं गवत. पिक्चरमधी तो माणूस शेवटी वेडा होतो हे कुणाला आठवत नव्हतं.

मग धोनी. लांब सोनेरी केस. २००६ ला लाहोरात मुशर्रफ स्वतः म्हणाले केस कापू नकोस, ती क्लिप आम्ही घरात पुरावा म्हणून वापरायचो, पाकिस्तानचा राष्ट्रपती सुद्धा म्हणतो ठेव म्हणून. आई म्हणायची त्यांनी ठेवावेत की मग, त्यांना सांग. पुढं धोनीनंच कापले आणि २०११ चा वर्ल्डकप जिंकल्यावर तर चकोटच केला, आमचा वकीलच फितूर झाला.

मधी दिल चाहता है बघून थोरल्या भावानं ओठाखाली ठिपका ठेवला होता. गजनीत आमीरचा टकलावर कापल्याची खूण असलेला कट, तो करायला माझा मित्र गेला तर दुकानदारानं हाकलला. स्पाइकला जेल परवडायची नाही म्हणून अंघोळीचा साबण चोळायचा, पाऊस आला की डोळे चुरचुरायचे.

दाढी आमच्या पिढीची. कोहली, केजीएफ, आणि मग महाराजांसारखी, खाली टोकदार, कपाळावर चंद्रकोर. शिवजयंतीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात बसायला जागा नसते. जुने लोक म्हणायचे दाढी संसारी माणसाची नाही, आता लग्नाच्या फोटोत नवरदेवाला दाढी नसली तर पोरगी विचारते काय झालं.

धोकटी

बारक्या, महाराजांचं नाव काढलंस म्हणून सांगतो, प्रतापगडावर १६५९ ला सय्यद बंडाचा वार अडवला तो जिवा महाला आमच्या समाजाचा, आणि पन्हाळ्यावरनं महाराजांच्या वेशात पालखीत बसून गेला तो शिवा काशीदही आमचाच. दाढी-केस सारखे असल्यामुळं जीव गेला आणि राजा वाचला. दुकानात दोघांचे फोटो आहेत, सेना महाराजांच्या शेजारी.

दाढीनं आमचं बच्चनसारखं वाटोळं होईल असं वाटलं होतं, उलटं झालं. साधी दाढी दहा मिनिटांत उरकते, ही कोरायला जास्त वेळ. गालावरची रेघ वस्तऱ्यानं, खालची गळ्याच्या घाटीच्या वर दोन बोटं, कल्ल्यापासनं फेड, वर तेल. रोज करणारा गेला पण आठवड्याला सेट करायला येणारा आला. घरोघरी ट्रिमर आले तरी रेघ सरळ येत नाही लोकांना, वाकडी करून मग आमच्याकडं दुरुस्तीला येतात.

खरं वाटोळं झालं ते लॉकडाऊनला. २०२० ला मार्चपासनं बंद, २८ जूनला उघडायला परवानगी दिली तीही केस कापायला, दाढीला नाही. माणसं खुर्चीत बसून रडवेल्या तोंडानं हनुवटी पुढं करायची आणि मी नाही म्हणायचो. तोपर्यंत घराघरात बायकोनं कापलेले केस, कुणाचं एका बाजूला भोक, कुणाचं जिना. दुरुस्त करता येत नव्हतं असं निम्म्यांचं, सरळ चकोट करून पाठवले.

आणि आता कोण काय मागतंय सांगू, बाजूनं मशीन, वर जरा, आणि मागं मानेवर लांब. पोरं फोनवर परदेशातल्या फुटबॉलवाल्यांचे फोटो दाखवतात. गलाईवाले, तुमचाच पंक आहे तो.

गलाईवाला

काय सांगता. आमच्या पोराचे मागचे केस आज संध्याकाळी बघतोच.

कृष्णाकाठ

चिमटीत धरून बघा आधी.

कंदीपेढा

धागा बंद व्हायच्या आधी एक कामाचं. धोकटीदादा, आमचे हे डोक्याचे केस आहेत तसे पांढरे ठेवतात पण मिशी काळी पाहिजे म्हणून हट्ट. डाय लावला की ओठाच्या वर लाल होतं आणि खाज सुटते. काय करावं?

धोकटी

ताई, आधी तो डाय बंद करा, लाल होतंय म्हणजे त्यातलं केमिकल सोसत नाही, ओठ सुजायला वेळ लागत नाही मग. सूज आली तर डॉक्टरकडं न्या, घरगुती काही चोळत बसू नका. आणि एकदा उठलं की कंपनी बदलून बघू असं करू नका, बहुतेक काळ्या डायमधी तेच असतं. दुकानात काळी मेहंदी म्हणून मिळते तिच्यात पण डायच असतो, ती नको. साधी हिरवी मेहंदी चालते पण तिनं पांढरी मिशी लाल होते, काळी नाही, आणि लाल मिशी घेऊन ते बाहेर पडणार नाहीत. मग एकच, मिशी बारीक ट्रिम करून ठेवा, पांढरी एवढी उठून दिसत नाही. रविवार सोडून पाठवा, रविवारी मला वेळ नसतो, सोमवारी बंद.